रूपबदलू आणि व्हॅम्पायर, दोघंही एकाच गळ्यातून कसे बोलवायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एका नव्या मराठी कादंबरीचं ऑडिओबुक तुम्हाला एकटीनं वाचायचं आहे. गोष्ट आजच्या मुंबईतली, अर्बन फँटसी म्हणतात त्या प्रकारातली. नायिका रात्रपाळीत टॅक्सी चालवते आणि सगळी कथा तीच सांगते. लालबागच्या एका चाळीत सिंधुदुर्गातून आलेल्या गिरणी कामगारांची काही कुटुंबं आहेत, त्यांतली माणसं रात्री बिबटे होतात. फोर्टातल्या एका जुन्या पेढीवर व्हॅम्पायरांचा ताबा आहे आणि त्यांचा म्होरक्या दीडशे वर्षांहून जुना आहे. तुम्ही एकांकिका स्पर्धांमधून आलेल्या. चाचणीचे दोन प्रसंग रेकॉर्ड केलेत, तर व्हॅम्पायर बालनाट्यातल्या राक्षसासारखा वाटला आणि बिबट्याचे संवाद म्हटल्यावर घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसलेला राहिला. तुम्ही विचारताय की हे अमानवी आवाज काढायचे कसे, आणि एक रूपबदलू नायिकेच्या आईचं रूप घेऊन दारात येतो तेव्हा त्याला कुठला आवाज द्यायचा.

मी बरीच वर्षं ऑडिओबुकं वाचते आहे, अलीकडे इतरांकडून वाचून घेण्याचं कामही करते. मला तुमची अडचण गळ्याच्या बरीच आधी सुरू झालेली दिसते. हे प्राणी ऐकणाऱ्यानं कुणाच्या कानांनी ऐकायचे, ते तुमचं अजून ठरलेलं नाही. एकांकिकेत तुम्ही स्वतः व्हॅम्पायर असता. इथे तुम्ही टॅक्सीवाली आहात, आणि व्हॅम्पायर काय म्हणाला ते ती आपल्याला सांगते आहे. आकाशवाणीच्या श्रुतिकेत चार नट माईकभोवती उभे राहतात आणि प्रत्येकाचं पात्र आपापल्या जागी पूर्ण असतं. ऑडिओबुकमध्ये एकच माणूस दहा-बारा तास ऐकणाऱ्याच्या कानाशी बोलत असतो. त्या एका माणसावर विश्वास बसला, तर ती सांगेल तो बिबट्या खरा. तिच्यावरच बसला नाही, तर तुम्ही कितीही गुरगुरलात तरी उपयोग नाही.

म्हणून सुरुवात टॅक्सीवालीपासून करा. तुमच्या लेखकानं तिला हा धंदा देऊन तुमचं अर्धं काम सोपं केलंय. टॅक्सी चालवणाऱ्या बाईला माणूस आधी ऐकू येतो, मग आरशात दिसतो. मागच्या सीटवर बसलेला दारू प्यायलाय का, खोटं बोलतोय का, घाबरलाय का, हे तिला आवाजावरून कळतं आणि मान न वळवता कळतं. म्हणजे ती बारकाईनं ऐकणारी बाई आहे. ती जेव्हा दुसऱ्याचं बोलणं सांगेल तेव्हा नक्कल करणार नाही, पण त्या माणसाच्या बोलण्यातली एक नेमकी गोष्ट उचलेल. तुम्हीही प्रत्येक पात्राची एकच गोष्ट उचला. कुणाची घाई, कुणाचं वाक्याच्या शेवटी खाली उतरणं, कुणाचं उत्तराआधी थांबणं.

आता यात परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. पुस्तक तृतीयपुरुषी असतं, तर पात्रांना जास्त रंग देण्याची मोकळीक मिळाली असती. दोन-तीन वाचक असते, तर व्हॅम्पायर वेगळ्याच माणसाकडे गेला असता आणि माझं निम्मं उत्तर बदललं असतं. निर्माता मागून संगीत आणि ध्वनी घालणार असेल, तर तुम्ही आणखी संयमानं वाचायला हवं. पण सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते लेखकाच्या नियमांवर, आणि ते नियम नव्या वाचकांपैकी फार थोडे विचारतात.

आपल्याला वाटतं व्हॅम्पायर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. तसं नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त तो काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर दिसतो, दिवसा त्याची शक्ती कमी असते, एवढंच. उन्हानं व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रुजली ती १९२२ च्या ‘नॉस्फेरातू’ या जर्मन मूकपटापासून. आणि तोच काउंट वटवाघूळ होतो, धुकं होतो, म्हणजे तो रूपबदलूही आहे. अलीकडच्या लेखकांनी तर नियम पार उलटेपालटे केलेत. इलोना अँड्र्यूज या नावानं लिहिली जाणारी, अटलांटा शहरात घडणारी केट डॅनियल्सची मालिका २००७ पासून सुरू झाली. तिच्यातल्या व्हॅम्पायरला स्वतःचं मनच नाही. ते भुकेलं शरीर आहे. दूर कुठेतरी बसलेला माणूस मनाच्या जोरावर ते चालवतो आणि व्हॅम्पायरच्या तोंडून त्या माणसाचंच बोलणं ऐकू येतं. अशा ठिकाणी वाचणारी व्यक्ती घोगरा, भेसूर आवाज लावेल, तर लेखकाची सगळी कल्पनाच बुडेल. तिथे भीती कशाची वाटते? त्या विद्रूप तोंडातून एखाद्या नोकरदार माणसाचा शांत, सुशिक्षित आवाज येतो, त्याची.

तेव्हा लेखकाला फोन करा आणि सरळ विचारा. तुमचे व्हॅम्पायर श्वास घेतात का? की फक्त बोलण्यापुरती हवा ओढतात? बिबट्याच्या पूर्ण रूपात बोलता येतं का, की अर्ध्याच रूपात? अर्ध्या रूपात जबडा किती बदलतो? रूप बदललं की माणसाची बोली कळत राहते का? काही प्रश्नांची उत्तरं लेखकाकडेही तयार नसतील, आणि ती तुमच्या प्रश्नांमुळे ठरतील. त्यात वावगं काही नाही, उलट लेखकांना असे प्रश्न आवडतात.

तुमच्या पुस्तकातल्या व्हॅम्पायरना श्वास लागत नाही असं गृहीत धरून मी काय करीन ते सांगते. मी गळा जवळजवळ बदलणारच नाही. श्वास बदलीन. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात म्होरक्या पहिल्यांदा बोलतो ते असं आहे: “बसा. इतक्या रात्री आलात, म्हणजे काम तसंच असणार. चहा सांगू का? मी घेत नाही, पण आमच्याकडे चांगला करतात.” हे वाचताना साधारण माणूस ‘बसा’नंतर एक श्वास घेतो, ‘चहा’च्या आधी दुसरा. दोन्ही घेऊ नका. याच्या आधीचं जे वाक्य टॅक्सीवालीच्या निवेदनाचं आहे, ते संपवताना भरपूर श्वास घ्या आणि तो ऐकू येऊ द्या, कारण तो तिचा आहे आणि ती घाबरलेली आहे. मग म्होरक्याची चारही वाक्यं एका दमात म्हणा. एका दमात म्हणजे भरभर नव्हे. विराम सगळे पाळायचे, पण त्या विरामांत हवा आत जाण्याचा आवाज नसावा. संवाद लांब असेल तर तुकड्यांत रेकॉर्ड करा आणि संकलकाला सांगा की या पात्राचे श्वास काढून टाक.

इथे एक काळजी घ्यायची. श्वास कापून जागा नुसती रिकामी सोडली, तर हेडफोनवर ऐकणाऱ्याला फाइलच तुटल्यासारखी वाटते. म्हणून तिथे त्याच बूथची शांतता, म्हणजे रूम टोन, तेवढ्याच लांबीचा भरायचा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी रोज अर्धा-एक मिनिट गप्प बसून तो घेऊन ठेवा.

हे नीट जमलं की ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण दोन-तीन पानांनी अंगावर काटा यायला लागतो. समोरचा माणूस सभ्य आहे, आवाज मऊ आहे, चहा विचारतोय, आणि तरी त्यात जिवंतपणाची एक खूण कमी आहे. हा परिणाम मी कुठल्याही घोगऱ्या आवाजापेक्षा वरचा मानते. आणि त्याची दुसरी बाजू आपोआप मिळते: चाळीतल्या बिबट्यांचे सगळे श्वास ठेवा. उलट वाढवा. तुमच्या लेखकानं ती माणसं वासावर जगणारी दाखवली आहेत. मग त्यांच्यापैकी कुणीही बोलायच्या आधी नाकानं एक लहानसा श्वास घेऊ द्या. आधी वास, मग शब्द. एवढ्या एका सवयीवर ती अख्खी चाळ ओळखू येईल आणि घशाला काडीचाही त्रास होणार नाही.

व्हॅम्पायरसाठी कुजबुजायचा मोह होईल, तो टाळा. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची ती कुजबुज स्वरयंत्राला बोलण्यापेक्षा जास्त शिणवते. शिवाय माईकला ती आवडत नाही. ऑडिबलच्या एसीएक्स या निर्मितीच्या मंचाचे निकष बघा: आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे ३ च्या खाली आणि मागची खरखर उणे ६० पेक्षा कमी हवी. मराठी निर्मात्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण तत्त्व तेच. फार हळू बोललात की संकलक पातळी वर ओढतो आणि तिच्याबरोबर पंख्याची, एसीची, रस्त्याची घरघरही वर येते. त्यापेक्षा माईकच्या चार बोटं जवळ जा आणि नेहमीच्या आवाजात, पण जोर न लावता बोला. दिशादर्शी, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा माईक जवळून बोललं की खालचे स्वर आपसूक भरदार करतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटू नयेत म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवा, आणि रेकॉर्डिस्टला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मधेच तुम्हाला मागे सरकायला लावेल.

आता बिबट्याचं. पहिली गोष्ट, बिबट्या सिनेमातल्या सिंहासारखा डरकाळ्या फोडत फिरत नाही. त्याची ओळखीची हाक म्हणजे करवतीनं लाकूड कापल्यासारखी खरखर, श्वासाच्या लयीत पुन्हा पुन्हा येणारी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या लोकांना विचारा, किंवा रेकॉर्डिंग शोधून ऐका. ऐकल्यावर ती काढायला जाऊ नका. तिची लय घ्या. अर्ध्या रूपातलं पात्र बोलताना शब्दांचे दोन-दोन, तीन-तीनचे गट करा आणि मधे श्वास सारखा येऊ द्या. ऐकणाऱ्याला ती खरखर तुम्ही न काढताच जाणवेल.

जबडा पुढे आला असेल तर ओठ मिटणार नाहीत. म्हणजे सगळ्यात आधी अडखळतील ते प, ब, भ, म. सगळेच बिघडवलेत तर वाक्य कळणार नाही. मी एकच अक्षर निवडते, बहुधा ‘म’, आणि तेवढंच सैल सोडते. तेही पात्र पहिल्यांदा अर्ध्या रूपात बोलतं त्या पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरतं. त्यानंतर फक्त लय ठेवायची. एकदा कानाला खूण पटली की ऐकणारा पुढचं स्वतः भरून घेतो. हे विसरू नका की बरेच लोक सव्वापट, दीडपट वेगानं ऐकतात, आणि लोकलमध्ये ऐकतात. तिथे तुमचं अतिशय मेहनतीनं बिघडवलेलं बोलणं म्हणजे नुसता गोंगाट.

चाळीतल्या म्हाताऱ्या म्होरक्याबद्दल एक सुचवते. त्याचं तारुण्य गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात गेलंय. सतत चालणाऱ्या मागांच्या खडखडाटात ज्यांनी आयुष्य काढलं, ती माणसं घरीही मोठ्यानंच बोलतात, कारण कान गेलेले असतात आणि सवय तशीच राहिलेली असते. त्याचा मोठा आवाज तिथून आणा. १९८२ च्या संपानंतर ज्याचं काम गेलं त्या माणसाचा राग त्यात आहे, तो आणा. त्याच्यातला प्राणी वेगळा दाखवायची गरज उरत नाही. मोठ्यानं बोलताना माईकपासून हातभर मागे जा आणि तोंड बाजूला वळवा.

इथेच एक गोष्ट कळकळीनं सांगते. मालवणी बोली प्राण्यांना आणि पुस्तकी मराठी बाकीच्यांना, अशी वाटणी तुमच्या मनानं करू नका. लेखकानं संवाद मालवणीत लिहिले असतील तर ते मालवणीतच वाचले पाहिजेत, आणि ते बोलणाऱ्या कुणाकडून तरी आधी मोठ्यानं वाचून घेतले पाहिजेत. पण मजकूर प्रमाण मराठीत असताना केवळ ‘रांगडेपणा’ यावा म्हणून हेल लावला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडतं? अमुक गावची माणसं जनावरं, आणि पेढीवर बसलेले ते सुसंस्कृत. तुमच्या लेखकाचा रोख तर नेमका उलटा दिसतो. रक्त कोण पितं आणि घाम कुणाचा गळतो, हे त्यानं मुद्दाम त्या दोन पत्त्यांवर मांडलंय. तुमच्या आवाजानं ते पुसलं जाऊ नये.

पेढीवरच्या म्होरक्याच्या वयासाठी मात्र भाषेचाच आधार घ्या. म्हातारा आवाज नको; त्याचं शरीर म्हातारं झालेलंच नाही. जुनं आहे ते त्याचं वाक्य. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आलं. फोर्टाचा तट पाडला जात होता त्याच दशकातलं हे पुस्तक. तुमचा व्हॅम्पायर माणूस होता तेव्हा त्याच्या आजूबाजूचे शिकलेले लोक कसं मराठी लिहीत होते ते त्यात सापडतं. रोज त्याची दोन-चार पानं मोठ्यानं वाचा. वाक्यं लांब आहेत, मुद्दा शेवटी येतो, आणि वाचणाऱ्याला घाई करता येत नाही. ती घाई नसणं तुमच्या तोंडात बसलं की संवाद आजच्या भाषेत असले तरी तो माणूस जुना वाटेल. तो सगळ्यांना ‘आपण’, ‘तुम्ही’ म्हणतो. चाळीतला म्होरक्या पोलीस अधिकाऱ्यालाही ‘तू’ म्हणतो. हा फरक लेखकानं दिलेलाच आहे, तो चावून-चावून ठसवायची गरज नाही.

रूप बदलण्याच्या प्रसंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उताऱ्यात तो आहे, म्हणून बोलते. “त्याचा खांदा खाली सरकला. मग दुसरा. शर्टाची शिवण उसवली, आणि त्या आवाजानंच मला कळलं की आता बोलून उपयोग नाही.” चाचणीत तुम्ही ‘सरकला’ला कण्हलात आणि ‘उसवली’ला किंचाळलात. वेदना त्याची आहे, बोलतेय ती. ती काय करतेय? बघतेय आणि मनात पळायची वाट शोधतेय. पहिली दोन वाक्यं अगदी सपाट, जणू ती मोजदाद करतेय अशी वाचा. ‘शिवण उसवली’नंतर क्षणभर थांबा. उरलेलं वाक्य खालच्या पट्टीत, थोडं लवकर. ते हाड मोडण्याचं पुढचं पानभर वर्णनही याच पद्धतीनं जाऊ दे. वाक्यं लहान होत जातात तिथे वेग आपोआप वाढतो, तुम्ही वेगळा जोर लावलात की तो दुप्पट वाटतो.

आता आईचा प्रसंग. तुमच्या पुस्तकातली ही सगळ्यात अवघड जागा, आणि मराठी ऐकणाऱ्याच्या मनात तिची जमीन आधीच तयार आहे. रात्री बाहेरून ओळखीच्या आवाजात हाक आली तर लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावं, हे कोकणात लहान मुलांना अजून सांगतात. कागदावर लेखक नुसतं लिहितो: आईनं हाक मारली. वाचणारा मनात आपल्या आईचा आवाज घालतो. तुम्हाला मात्र तो आवाज प्रत्यक्ष काढावाच लागतो, आणि तुम्हाला माहीत आहे की ती आई नाही. ही माहिती आवाजात झिरपते. ‘ड्रॅक्युला’तच याचं फार सुंदर उदाहरण आहे. त्यातला डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. कादंबरीची नायिका मीना ती ऐकते आणि तिच्या लक्षात येतं की शब्दांपलीकडचं त्याचं सगळं दुःख आवाजात उतरलंय. म्हणून ती ते टाइप करून काढते, दुसऱ्या कुणाला ते तसं ऐकावं लागू नये म्हणून. कागद जे झाकतो ते आवाज उघडं पाडतो. तुमचं कौशल्य इथे न उघडं पाडण्यात आहे.

मी असं करीन. तिसऱ्या प्रकरणात खऱ्या आईचा जो स्वयंपाकघरातला प्रसंग आहे, तो आणि हा दारातला प्रसंग एकाच बैठकीत, पाठोपाठ रेकॉर्ड करीन. आवाज तोच, माईकपासून अंतर तेच, श्वासही तसेच. टॅक्सीवालीला ती आई वाटते, म्हणून निवेदनही आईला भेटल्याचंच. कुठेही ‘काहीतरी गडबड आहे’ असा स्वर नको. फक्त एक खूण मी प्रामाणिकपणे ठेवीन. खरी आई मुलीचं वाक्य संपायच्या आत बोलायला लागते, लेखकानं तसे संवाद लिहिलेच आहेत. दारातली आई मुलीचं वाक्य पुरतं संपेपर्यंत थांबते आणि मग बोलते. हा अर्ध्या सेकंदाचा फरक पहिल्यांदा ऐकताना कुणाच्या ध्यानात येणार नाही. रहस्य उलगडल्यावर जो मागे जाऊन ऐकेल, त्याला तो सापडेल, आणि आपल्याला फसवलं नाही, आपणच ऐकलं नाही, असं त्याला वाटेल. त्या रूपबदलूला स्वतःचं रूप घेतल्यावर आवाज बदला, पण ते थांबणं तसंच ठेवा.

संगणकावर आवाज जाड करणं, घुमवणं, दोन आवाज एकावर एक चढवणं, याच्या मी विरुद्ध आहे, निदान एकट्या वाचकाच्या पुस्तकात. वेग वाढवून ऐकलं की असले परिणाम फाटतात, आणि मुख्य म्हणजे टॅक्सीवाली सांगतेय हा धागा तिथे तुटतो. निर्मात्याचा आग्रहच असेल, तर तुम्ही मूळ संवाद स्वच्छ द्या. तुम्हीही घोगरं बोलायचं आणि त्यांनीही घोगरं करायचं, असं दोन्हीकडून झालं की काहीच कळत नाही.

घशाबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. तुमचा घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत बसला, म्हणजे ज्या पद्धतीनं गुरगुरलात ती पद्धत सोडून द्यायची. सवय होईल या आशेवर रेटू नका. आरडाओरड्याचे प्रसंग वेगळे काढा आणि दिवसाच्या शेवटी घ्या, म्हणजे नंतर नाजूक प्रसंग वाचावे लागणार नाहीत. दिवसाकाठी तीन-चार तासांपेक्षा जास्त माईकपुढे बसू नका. पाणी घोट-घोट पीत राहा. सारखं खाकरणं बंद करा. खाकरण्यानं स्वररज्जू एकमेकांवर आपटतात, त्यापेक्षा आवंढा गिळा. आवाज दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, काढे करत बसू नका.

तुमचं पुस्तक मालिकेतलं पहिलं आहे असंही तुम्ही लिहिलंय. मग प्रत्येक पात्राचा अर्ध्या मिनिटाचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि सोबत टिपण: श्वास कसा, वेग कसा, माईकपासून किती लांब. दुसरा भाग वर्षा-दोन वर्षांनी आला की आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि श्रोते विसरत नाहीत. जिम बुचर यांच्या शिकागोतल्या ड्रेस्डेन मालिकेची ऑडिओबुकं जेम्स मार्स्टर्स वाचतात. टीव्हीवर व्हॅम्पायरची भूमिका गाजवलेला हा नट. २०११ मध्ये एक भाग त्यांना वाचता आला नाही, म्हणून जॉन ग्लोव्हर या दुसऱ्या चांगल्या नटाकडून करून घेतला. श्रोत्यांना नायकाचा बदललेला आवाज पचलाच नाही, आणि पुढे २०१५ मध्ये तोच भाग मार्स्टर्सच्या आवाजात पुन्हा काढला गेला. तोही नायक स्वतःच गोष्ट सांगतो. म्हणून टॅक्सीवालीचा नमुना सगळ्यात काळजीपूर्वक ठेवा.

वेळेचा अंदाज तुम्ही मागितलात. माझं मराठी वाचन मिनिटाला साधारण ११० ते १२५ शब्दांवर स्थिरावतं. इंग्रजीत हाच आकडा दीडशेच्या पुढे असतो, पण आपले शब्द प्रत्ययांमुळे लांब असतात, म्हणून इंग्रजीचा हिशोब इथे लावू नका. ८०,००० शब्दांची कादंबरी असेल तर तयार ऑडिओ पावणेअकरा ते बारा तासांचा होईल. प्रत्यक्ष बूथमधला वेळ त्याच्या दुप्पट तरी धरा, संकलन वेगळं. निर्मात्याशी पैशांचं बोलताना मानधन तयार तासाला ठरतंय की बूथमधल्या तासाला, हे लेखी घ्या.

आता लगेच करायचं काम. पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. तीन उतारे पुन्हा रेकॉर्ड करा: पेढीतली चहाची भेट, शिवण उसवते तो प्रसंग, आणि दोन्ही आया पाठोपाठ. लेखकाला पाठवायच्या आधी ते फोनवर टाका, साधे इअरफोन लावा आणि संध्याकाळच्या गर्दीत करी रोडहून दादरपर्यंत उभ्यानं, सव्वापट वेगानं ऐका. जिथे शब्द हरवला तिथे कागदावर खूण करा आणि तेवढंच वाक्य पुन्हा घ्या.